निळा दिवा लावण्याआधी: स्वयंसेवक पोलिसांच्या चालक-प्रशिक्षणाचं एक प्रकरण

ही हकीकत इंग्लंडमधल्या एका ग्रामीण पोलीस दलातली आहे. मी तिथे काही वर्षं विशेष कॉन्स्टेबल होतो. पुढे स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाचं नियोजन माझ्याकडे आलं. माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत आणि दलाचं नाव दिलेलं नाही. घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण आमचं काय चुकलं ते त्या क्रमावरूनच कळतं.

पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये विशेष कॉन्स्टेबल ही जुनी संस्था आहे. तिचा कायदा १८३१ चा. आपल्याकडच्या होमगार्डशी तिची तुलना करण्याचा मोह होतो, पण एक मोठा फरक आहे. विशेष कॉन्स्टेबलला अटकेसकट पोलिसाचे पूर्ण अधिकार असतात, गणवेशही तोच असतो, आणि तरी पगार किंवा मानधन नसतं. खर्च तेवढा भरून मिळतो. माणूस आठवडाभर आपली नोकरी करतो आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्री गस्तीला येतो. महिन्याला साधारण १६ तास द्यावेत अशी बहुतेक दलांची अपेक्षा असते. २०१२ च्या सुमाराला इंग्लंड आणि वेल्समध्ये असे २०,००० हून जास्त लोक होते, २०२४ पर्यंत ते ६,००० च्या आसपास आले. उरलेल्यांवर त्यामुळे भार वाढला.

गाडी चालवण्याच्या बाबतीत पोलिसांत पायऱ्या असतात. सगळ्यात खालच्या परवान्यावर पोलिसांची गाडी चालवता येते, पण साध्या नागरिकासारखी: वेगमर्यादा पाळायची, लाल दिव्याला थांबायचं. निळे दिवे आणि सायरन लावून तातडीच्या कॉलला धावायचं तर वरचा परवाना लागतो आणि त्यासाठी साधारण तीन आठवड्यांचं पूर्णवेळ प्रशिक्षण असतं. आमच्या दलात विशेष कॉन्स्टेबलांना खालचाच परवाना मिळायचा. तसा लेखी नियम कुठेच नव्हता. तीन आठवडे सलग सुट्टी काढून कोणी येऊ शकत नव्हतं, म्हणून कोणी अर्ज करत नव्हतं, आणि अर्ज येत नाहीत म्हणून कोणी विचार करत नव्हतं.

प्रश्न कसा उभा राहिला

आमची एक विशेष कॉन्स्टेबल तेव्हा तिशीत होती. दिवसा औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, आणि दलात सहा वर्षं झालेली. शनिवारची रात्र होती. ती आणि दुसरा एक स्वयंसेवक अशी दोघंच गाडीत होती. नऊ मैलांवरच्या खेड्यातून एका बाईचा फोन आला की नवरा दार तोडतोय. वरचा परवाना असलेली सगळ्यात जवळची गाडी २६ मैलांवर एका अपघाताच्या जागी अडकली होती. कंट्रोल रूमने हिला विचारलं आणि ही लगेच निघाली.

अर्ध्या वाटेवर रस्त्याचं काम चालू होतं. एकच पट्टा खुला होता आणि दोन्ही टोकांना तात्पुरते सिग्नल लावलेले होते. दिवा लाल. समोरून एकही गाडी नव्हती. काम संपतं तिथपर्यंतचा रस्ता सरळ आणि रिकामा दिसत होता. ती थांबली. वायरलेसवर कंट्रोल रूमचा आवाज येत होता: लाइन अजून चालू आहे, ओरडण्याचा आवाज येतोय. ती मला नंतर म्हणाली, "मी हँडब्रेकवर हात ठेवून बसले होते आणि सेकंद मोजत होते. ब्याण्णव झाले."

पोहोचायला २१ मिनिटं लागली. त्या बाईच्या हाताचं हाड मोडलं होतं आणि डोक्याला टाके पडले. ती बरी झाली, नवऱ्यावर पुढे खटलाही चालला. पण आमची कॉन्स्टेबल दुसऱ्या आठवड्यात माझ्यापुढे येऊन बसली ती एकच प्रश्न घेऊन: मी लाल दिवा ओलांडायला हवा होता का?

माझं उत्तर तेव्हाही 'नाही' होतं आणि आजही तेच आहे. १९८४ च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्याच्या ८७ व्या कलमाने पोलिसी कामासाठी वेगमर्यादेतून सूट मिळते. लाल दिव्याबाबतही पोलिसांच्या गाडीला सवलत आहे: तो दिवा 'आधी दुसऱ्याला जाऊ द्या' असा समजायचा. पण धोकादायक किंवा निष्काळजी वाहन चालवण्याच्या गुन्ह्यातून कोणालाच सूट नाही. शिवाय २०२२ च्या पोलीस कायद्याने मोजमाप बदललं. प्रशिक्षित पोलीस चालकाची तुलना आता सर्वसाधारण सावध चालकाशी होत नाही, तेच प्रशिक्षण घेतलेल्या सक्षम आणि सावध पोलिसाशी होते. ज्याने ते प्रशिक्षण घेतलेलंच नाही, त्याला या बदलाचा आधार नाही. तिने तो दिवा ओलांडला असता आणि काही झालं असतं, तर पगार न घेणारी ही बाई न्यायालयात एकटी उभी राहिली असती. दलाच्या धोरणानेही तिला मनाई होतीच.

तरी तिच्या प्रश्नामागचा प्रश्न खरा होता. शनिवारी रात्री त्या भागात आमच्याकडे याच लोकांच्या गाड्या असतात, आणि याच गाड्या वेळेत पोहोचू शकत नाहीत.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय आहे तसं चालू ठेवण्याचा. याच्या बाजूने बोलणारे वरिष्ठ कमी नव्हते आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. निळा दिवा लावलेली गाडी रस्त्यावरच्या सगळ्यांसाठी जोखीम असते. महिन्यातून चार रात्री येणाऱ्या माणसाकडे ती जोखीम का द्यायची?

दुसरा पर्याय प्रत्येक स्वयंसेवकाला वरचा परवाना असलेल्या पूर्णवेळ पोलिसाबरोबरच बसवण्याचा. कागदावर छान दिसला. शनिवारच्या ड्युटीचा तक्ता उघडला तेव्हा तेवढे पूर्णवेळ चालकच नव्हते.

तिसरा, फक्त निळ्या दिव्यांचा चार-पाच दिवसांचा छोटा अभ्यासक्रम. हा आम्ही एका बैठकीत निकालात काढला. मुख्य प्रशिक्षक एवढंच म्हणाले, "निळा दिवा लावायला मी दहा मिनिटांत शिकवीन. रस्ता वाचायला तीन आठवडे लागतात."

चौथा, तोच पूर्ण अभ्यासक्रम, पण तुकड्यांत. एक आठवडा सोडून दर दुसऱ्या आठवड्याला शुक्रवार, शनिवार, रविवार. असे पाच गट, म्हणजे १५ दिवस. स्वयंसेवकाची रजा जाणार फक्त पाच शुक्रवारांची. ब्रिटनमध्ये पूर्णवेळ नोकरदाराला वर्षाला किमान २८ दिवसांची भरपगारी रजा असते आणि त्यातच सार्वजनिक सुट्ट्याही धरता येतात. त्यातून सलग १५ दिवस मागणं म्हणजे घरच्यांची सुट्टी मागणं. पाच दिवस मागता येतात.

आम्ही चौथा पर्याय निवडला. अभ्यासक्रम सौम्य करायचा नाही आणि अंतिम चाचणी पूर्णवेळ पोलिसांची तीच ठेवायची, ही अट मुख्य प्रशिक्षकांनी घातली आणि ती बरोबर होती. प्रशिक्षकांच्या रविवारांचं काय करायचं यावर मात्र दोन महिने गेले. त्यांनाही घरं आहेत.

निवड

सहा अर्ज आले, जागा तीन. एका गाडीत एक प्रशिक्षक आणि तीन शिकाऊ अशी बसण्याची पद्धत असते. दृष्टीची तपासणी, लायसन्सवर दंडाचे गुण, स्वतंत्र गस्तीची पात्रता या चाळण्या सगळ्यांनी पार केल्या. मग आम्ही सेवाज्येष्ठतेने तीन नावं काढली.

हा निर्णय माझा होता. कोणी तक्रार करणार नाही असा तो सोपा मार्ग होता. मागच्या वर्षात कोणी किती तास प्रत्यक्ष गाडी चालवली, पुढच्या वर्षात कोण किती येऊ शकेल, हे मी विचारलंच नाही. मागे राहिलेल्यांत एक तरुण होता. दोनच वर्षांची सेवा, पण महिन्याला चाळीस-चाळीस तास देणारा. निवडलेल्यांत एक जण असे होते की ज्यांच्या वर्षभराच्या ड्युट्या दोन हातांच्या बोटांवर मोजता आल्या असत्या.

प्रशिक्षण

पहिले तीन गट निळ्या दिव्याला कोणी हात लावला नाही. पोलीस चालकांच्या 'रोडक्राफ्ट' या हस्तपुस्तिकेतली पद्धत अंगात मुरवायची होती: माहिती, जागा, वेग, गिअर, ॲक्सिलरेशन, याच क्रमाने. आणि सगळं मोठ्याने बोलत. याला ते कॉमेंटरी म्हणतात. डोळ्यांना जे दिसतंय, त्याचा अर्थ काय आणि त्यावर मी काय करणार, हे चालकाने अखंड बोलत राहायचं. बोलणं अडखळलं की प्रशिक्षकाला कळतं, नजर कुठेतरी अडकली आहे.

मी एका रविवारी मागच्या सीटवर बसलो होतो. गाडी ती चालवत होती. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना उंच कुंपणं. ती बोलत होती: "पुढे डावं वळण. विजेचे खांब मात्र सरळ जाताहेत, म्हणून खांबांवर विश्वास नाही. रस्त्यावर ओला चिखल, टायरचे रुंद ठसे, डावीकडे शेताचं फाटक असणार, ट्रॅक्टर निघू शकतो. वेग कमी." फाटक आलं. ट्रॅक्टर नव्हता. प्रशिक्षक म्हणाला, "नव्हता ते ठीक आहे. तू त्याच्यासाठी तयार होतीस." मग वळणातला तो बिंदू, जिथे रस्त्याच्या दोन्ही कडा एकमेकींना भेटल्यासारख्या दिसतात. तो जवळ येत असेल तर वळण आवळतंय, वेग उतरवा. तो लांब पळू लागला तर वळण उघडतंय. दिसणाऱ्या मोकळ्या रस्त्यात थांबता आलंच पाहिजे, हा सगळ्यांवरचा नियम. ताशी ६० मैलांना गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावरही ७३ मीटर लागतात, त्यातले १८ मीटर तर पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच निघून जातात.

निळे दिवे चौथ्या गटात आले, आणि तेव्हा कळतं की सायरनचा सगळ्यात विचित्र परिणाम इतर चालकांवर होतो. कोणी वळणावरच ब्रेक दाबून उभं राहतं, कोणी वाट द्यायला लाल दिव्यातून पुढे सरकतं, कोणाच्या लक्षातच येत नाही. चालकाच्या स्वतःच्या डोक्यात जे होतं त्याला प्रशिक्षक 'रेड मिस्ट' म्हणतात: पोहोचायचंच, एवढंच उरतं आणि बाकीचं दिसेनासं होतं. यावर त्यांनी शिकवलेला उपाय साधा आहे. कॉल ऐकला की आधी एक श्वास, मग सीटबेल्ट, मग गिअर. कॉमेंटरी चालू ठेवायची, मनातल्या मनात का होईना.

तुकड्यांचा तोटाही लगेच दिसला. मधल्या अकरा दिवसांत माणूस आपल्या घरच्या गाडीत जुन्या सवयींनी ऑफिसला जातो. दर शुक्रवारची सकाळ मागचं घासून पुन्हा वर आणण्यात जायची. म्हणून आम्ही सहावा गट जोडला, एकूण १८ दिवस झाले. ती आणि आणखी एक जण पहिल्या चाचणीत उत्तीर्ण झाले. तिसऱ्यांनी चौथ्या गटानंतर स्वतःहून सोडलं. मला फोनवर म्हणाले, "मला हे जमेल, पण टिकवता येणार नाही." त्या वाक्याकडे मी तेव्हा हवं तेवढं लक्ष दिलं नाही.

परवान्यानंतर

पहिले दोन महिने उत्तम गेले. तिने अकरा तातडीच्या धावा केल्या आणि प्रत्येकीनंतर वहीत चार ओळी लिहिल्या. मग दुकानात एक सहकारी आजारी पडली आणि हिला जादा दिवस भरावे लागले. सात आठवडे ती ड्युटीला आलीच नाही. तिचा परवाना मात्र चालूच होता, कारण आमच्या संगणकात परवान्याला फक्त पाच वर्षांनंतरची मुदत लावलेली होती.

ती परत आली तो शनिवार. दुकान सकाळी नऊ ते साडेपाच, आणि सातला ड्युटी सुरू. दहा वाजता कॉल आला. शहराच्या कडेचा चौक, दिवा लाल. उजवीकडून येणाऱ्या रस्त्याला दोन पट्टे होते. जवळच्या पट्ट्यातली बस हिला पाहून थांबली आणि बसच्या चालकाने हात केला. ती बसच्या पुढून हळूहळू निघाली. बसआडच्या दुसऱ्या पट्ट्यातून हिरव्या दिव्यावर आलेली मोटार हिच्या पुढच्या फेंडरवर आदळली. कोणाला दुखापत झाली नाही. गाडीतल्या नोंदयंत्रानुसार हिचा वेग ताशी १४ मैल होता.

प्रशिक्षणात हा प्रसंग तिने तीनदा केला होता. थांबलेली मोठी गाडी पुढचा पट्टा झाकते, म्हणून तिच्या नाकाशी जवळजवळ उभं राहायचं, डोकावायचं आणि प्रत्येक पट्टा वेगळा मोकळा करायचा. चौकशीत तिने काहीही लपवलं नाही. "मी पहिला पट्टा पाहिला. दुसरा पाहिला असं मला वाटलं." कॉमेंटरी चालू होती का, असं विचारल्यावर ती बराच वेळ गप्प बसली आणि नाही म्हणाली.

काय निर्णय घेतले

परवाना त्याच रात्री स्थगित झाला. तसं होणं योग्यच होतं. बैठकीत दोन सूर होते. एक म्हणाला, आम्ही सांगत होतो, हे काम स्वयंसेवकांचं नाही, योजना बंद करा. दुसरा म्हणाला, चूक तिची आहे, तिला पुन्हा शिकवा आणि पुढे चला. मला दोन्ही पटले नाहीत, आणि तोवर मी तिच्या सात आठवड्यांचा तक्ता टेबलावर पसरला होता. मुख्य प्रशिक्षकांनी तो पाहिला आणि विचारलं, हिला त्या रात्री किल्ली कोणी दिली? किल्ली कोणीच दिली नव्हती. ती कपाटातून घ्यायची असते.

पूर्णवेळ पोलिसाला दोन ड्युट्यांच्या मध्ये ११ तासांची विश्रांती मिळते आणि ती कोणीतरी मोजतं. हिची नोकरी आणि ड्युटी यांच्यातला दीड तास कोणीच मोजत नव्हतं. पूर्णवेळ पोलीस आठवड्यातून अनेकदा निळा दिवा लावतो, त्यामुळे सराव आपोआप टिकतो आणि पाच वर्षांची मुदत त्याला पुरते. हिला ती पुरत नव्हती. आम्ही अभ्यासक्रम तोच ठेवला हे बरोबर होतं, पण त्याच्या भोवतालचं सगळं, निवड, मुदत, किल्ल्या, विश्रांती, हेही तसंच उचलून ठेवलं होतं. ते पूर्णवेळ माणसाच्या मापाने शिवलेलं होतं.

मग तीन बदल झाले. सहा आठवड्यांत एकही तातडीची धाव किंवा प्रशिक्षकाबरोबरची फेरी झाली नसेल, तर परवाना आपोआप स्थगित होतो. चाळीस मिनिटांच्या तपासणी फेरीनंतर, ठीक वाटलं तरच, तो पुन्हा चालू होतो. दुसरं, ड्युटीच्या सुरुवातीला सार्जंट प्रत्येक स्वयंसेवकाला विचारतो: आज कामावर होतास का, किती वाजल्यापासून? बारा तासांहून जास्त वेळ जागा आणि कामात असलेला माणूस त्या रात्री तातडीच्या धावेला गाडी चालवत नाही. तिसरं, परवान्यानंतरच्या पहिल्या दहा धावांत शेजारी अनुभवी चालक हवा. हा तिसरा नियम ड्युटीच्या तक्त्यामुळे बऱ्याचदा मोडतो, हे मान्य केलं पाहिजे.

निष्पत्ती

तिने सहाव्या गटातले तीन दिवस पुन्हा केले, चाचणी पुन्हा दिली आणि परवाना परत मिळवला. तिच्याबरोबर उत्तीर्ण झालेल्याने नवे नियम वाचून परवाना स्वतःहून परत केला. त्याला महिन्यातून दोनच रात्री जमत होत्या. पुढच्या तुकडीत आम्ही तास पाहून निवड केली आणि तो चाळीस तासवाला तरुण आत आला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, सराव टिकवण्याचा नियम परवान्याच्या आधी हवा होता, धडकेनंतर नव्हे. तिसऱ्या उमेदवाराने फोनवर तो आमच्या हातात दिला होता.

नोकरी देणाऱ्यांशी आम्ही बोललोच नाही. ब्रिटनमध्ये विशेष कॉन्स्टेबलांना पोलीस कामासाठी भरपगारी वेळ देणाऱ्या कंपन्यांची योजना आहे. तिच्या दुकानमालकाला कोणी पत्रही पाठवलं नाही. ती सात आठवडे का येत नाही, हे विचारणारा फोनही मी केला नव्हता. खरं तर मला तोच जास्त सलतो.

पहिल्या रात्रीच्या ब्याण्णव सेकंदांचं उत्तर केवळ प्रशिक्षणात शोधलं, हेही मला आता खटकतं. त्या रस्त्यावरचं काम आठवडाभर आधी जाहीर झालेलं होतं. कंट्रोल रूमच्या नकाशावर ते असतं, तर दुसऱ्या वाटेने गाडी पाठवता आली असती. आता ते नकाशावर येतं.

मागच्या हिवाळ्यात मी एका शनिवारी ठाण्यात होतो. ती सातला आली, सार्जंटने विचारलं, तिने घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "सकाळी साडेसातपासून." साडेआठला कॉल आला तेव्हा गाडी त्या तरुणाने काढली. ती शेजारी बसली होती. फाटकातून बाहेर पडताना उघड्या खिडकीतून त्याची कॉमेंटरी ऐकू आली, आणि एका ठिकाणी तो थांबला तिथे पुढचा शब्द तिने पुरवला.